अ‍ॅडमचा मित्र : हेन्री नौवेन यांच्या एका पुस्तकाचे पुनर्वाचन

हेन्री नौवेन हे नाव आपल्या पाळकवर्गास अपरिचित नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर, रेम्ब्रांटच्या चित्राच्या आधारे, त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेले चिंतन आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर उपदेशांतून आलेच आहे. कधी लेखकाच्या नावानिशी, बहुधा नावाशिवाय. आज ज्या पुस्तकाचा परामर्श घ्यावयाचा आहे ते आकाराने त्याहून लहान असून आपल्याकडे पुष्कळच कमी वाचले गेले आहे. ते म्हणजे ‘अ‍ॅडम : गॉड्स बिलव्हेड’. नौवेन २१ सप्टेंबर १९९६ रोजी निवर्तले तेव्हा त्याचे हस्तलिखित अपुरे होते. त्यांच्या सहकारी सू मॉस्टेलर यांनी ते सिद्ध केले आणि १९९७ साली पुस्तक बाहेर पडले.

हे पुस्तक आम्ही अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती देत आलो आहोत. अपंगांच्या वसतिगृहांत सहा आठवड्यांच्या सेवेसाठी विद्यार्थी जावयाचे असले की त्यापूर्वी ते वाचून घ्यावे, असा आमचा शिरस्ता होता. त्या शिरस्त्याविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली ती एका वृत्तांतामुळे. एका विद्यार्थ्याने सेवा संपवून आठ पाने लिहून आणली. भाषा शुद्ध, भाव उत्कट, शास्त्रवचनांचे दाखले जागच्या जागी. आम्ही त्यास उत्तम श्रेणी दिली. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तीच पाने पुन्हा चाळली असता आमच्या ध्यानात आले की, ज्या गृहस्थाच्या सोबतीत हे सहा आठवडे गेले त्याचे गाव त्यांत नाही. वय नाही. त्यास भावंडे आहेत की नाहीत, त्यांच्यापैकी कोणी भेटीस येते की नाही, याचाही उल्लेख नाही. नाव एकदा आले आहे. पुढे सर्वत्र ‘तो निष्पाप जीव’. आणि त्या निष्पाप जीवाने लेखकाला नम्रता, धीर व मौन कसे शिकविले याचे वर्णन मात्र पानोपानी. दोष विद्यार्थ्याचा नव्हता. त्याने नौवेन नीट वाचला होता.

तेव्हा पुस्तकाकडे वळू. नौवेन हे डच कॅथलिक धर्मगुरू. नोत्र दाम, येल व हार्वर्ड या अमेरिकेतील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले, विपुल ग्रंथलेखन केले, व्याख्याता म्हणून मोठी कीर्ती मिळविली. आणि ऑगस्ट १९८६ मध्ये हे सर्व मागे ठेवून ते कॅनडात टोरांटोजवळच्या ‘डेब्रेक’ या वस्तीत राहावयास गेले. डेब्रेक हे ‘लार्श’ या चळवळीचे एक घर. लार्श हा फ्रेंच शब्द; आपल्या शास्त्रात नोहाच्या कथेत ज्यास तारू म्हटले आहे तेच ते. या घरांत बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे व त्यांचे सहायक एकत्र राहतात, एका पंगतीस जेवतात. तेथे नौवेनांकडे पहिले काम आले ते अ‍ॅडम आर्नेट या तरुणाचे. त्यास बोलता येत नव्हते, आधाराशिवाय नीट चालता येत नव्हते, अपस्माराचे झटके वारंवार येत. रोज सकाळी त्यास उठविणे, स्नान घालणे, दाढी करणे, कपडे चढविणे आणि न्याहारीस बसविणे यांत सुमारे दोन तास जात. चमचा तोंडापर्यंत नेणे अ‍ॅडमला जमे. नौवेन शेजारी बसून राहत.

पुस्तकातील सर्वांत सरस भाग हाच होय. सुरुवातीस आपणास भीती वाटत होती, हे नौवेन लपवीत नाहीत. ज्या हातांनी आयुष्यभर पुस्तके उघडली त्यांना एका प्रौढ पुरुषाचे शरीर उचलावे लागते, आणि ते हात कापतात. एकदा कपडे चढविण्याच्या घाईत त्यांनी अ‍ॅडमला जरा ढकलले. अ‍ॅडमला मोठा झटका आला. हा झटका म्हणजे ‘हळू, हेन्री’ असे त्याचे सांगणे होते, असा अर्थ नौवेन लावतात. वैद्यकाच्या दृष्टीने हा अर्थ कितपत टिकेल याविषयी वाद होऊ शकेल, आणि दुसऱ्याच्या यातनेतून स्वतःसाठी निरोप वाचण्याची ही रीत आम्हांस पुढे खटकणारच आहे. परंतु येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे : त्यानंतर नौवेनांचे हात खरोखरच मंदावले. मुक्या माणसाच्या शरीराने काही तरी नाकारले आणि बोलक्या माणसाने आपली चाल बदलली. संपूर्ण पुस्तकात अ‍ॅडमच्या ‘नाही’चा हा एकच प्रसंग आम्हांस ठळकपणे दिसला, आणि आमच्या मते दोघांच्या मैत्रीस आरंभ झाला असेल तर तो येथे.

दुसरा सरस भाग अ‍ॅडमच्या आईवडिलांचा. मुलाचे निदान, उपचार, शाळेचा शोध, अखेरीस त्याला घराबाहेर ठेवण्याचा निर्णय आणि त्या निर्णयाची बोच, हे सारे त्यांच्या तोंडून ऐकून लिहिले असल्याने त्यास वस्तूचे वजन आहे. तेथे नौवेन ऐकणाऱ्याच्या जागी आहेत, आणि ती जागा त्यांना शोभते.

यापुढे मात्र पुस्तक वेगळ्या वाटेने जाते. नौवेनांना प्रेषितांच्या मतांगिकारावर ग्रंथ लिहावयाचा होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये अ‍ॅडम ३४ वर्षांचा असताना वारला आणि योजिलेल्या ग्रंथाची जागा अ‍ॅडमच्या चरित्राने घेतली; पण मूळ आराखडा सुटला नाही. प्रकरणांची नावेच पाहावीत : अ‍ॅडमचे गुप्त जीवन, अ‍ॅडमचे अरण्य, अ‍ॅडमचे प्रकट कार्य, अ‍ॅडमचे दुःखसहन, मरण, पुनरुत्थान. ख्रिस्तचरित्राची चौकट एका माणसाच्या आयुष्यावर बसविली आहे. हेतू उघड आहे आणि उदात्त आहे : जगाने ज्यास निरुपयोगी ठरविले त्यातच देवाचा प्रिय पुत्र ओळखावा. परंतु चौकट जसजशी घट्ट होते तसतसा चौकटीतील माणूस अंधूक होत जातो. प्रकट कार्याच्या प्रकरणात भेटीस आलेल्या पाहुण्यांना अ‍ॅडमच्या सान्निध्यात शांती कशी लाभली हे आपण वाचतो. त्या पाहुण्यांनी अ‍ॅडमसाठी पुढे काय केले, त्यांच्यापैकी कोणी पुन्हा त्याच्या शेजारी येऊन बसले काय, हे आपणास कळत नाही. अ‍ॅडम सर्वांना देतो. त्याला कोणाकडून काय हवे होते हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

(मूळ भाषेत ‘आदाम’ याचा अर्थ मनुष्य. हा श्लेष नौवेनांसारख्या लेखकास फार मोहक वाटावा यात नवल नाही. परंतु एखाद्याचे नाव मनुष्य असले म्हणजे त्याने सर्व मनुष्यजातीचे प्रतीक व्हावे असे थोडेच आहे!)

आपल्याकडे याच प्रकारची एक घटना अलीकडे शब्दांच्या बाबतीत घडली. अपंग, विकलांग, मतिमंद या शब्दांची जागा २०१५ च्या अखेरीपासून सरकारी व्यवहारात ‘दिव्यांग’ या शब्दाने घेतली. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या अनेकांनी त्यास हरकत घेतली होती. ज्याच्या अंगात दिव्यत्व आहे त्याला जिन्याऐवजी उतरण कशास हवी, असा त्या हरकतीचा मथितार्थ आम्ही समजतो. देव्हाऱ्यात बसविलेल्या माणसाशी मैत्री होत नाही. त्याचे दर्शन घेतले जाते. नौवेनांचा अ‍ॅडम पुस्तकाच्या उत्तरार्धात देव्हाऱ्यात जाऊन बसतो, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. नॅन्सी आयस्लंड या स्वतः अपंग असलेल्या अमेरिकन विदुषीने ‘द डिसेबल्ड गॉड’ या १९९४ च्या ग्रंथात ख्रिस्ती परंपरेतील ज्या दोषांवर बोट ठेवले त्यांत, अपंगाच्या दुःखास पुण्याचे तेज देणे हाही एक दोष होता. नौवेनांचे पुस्तक त्यानंतर तीन वर्षांनी आले. त्या टीकेची चाहूल त्यात आम्हांस लागत नाही.

पवित्र शास्त्रात या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक कथा आहे, आणि तिचा उत्तरार्ध आपण व्यासपीठावरून क्वचितच सांगतो. मफीबोशेथाची ही कथा. योनाथानाचा हा पुत्र दोन्ही पायांनी लंगडा. लो-दबार येथे माखीराच्या घरी पडून असलेला. दावीद त्यास बोलावून घेतो, शौलाची शेतीवाडी परत देतो आणि राजाच्या पंगतीस कायमचे स्थान देतो (२ शमुवेल ९). येथे आपला उपदेश संपतो. पण पुढे अबशालोमाच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून पळतो, तेव्हा सीबा नावाचा चाकर येऊन धन्याविरुद्ध चहाडी करतो, आणि दावीद एका शब्दाचीही शहानिशा न करता मफीबोशेथाचे सर्वस्व सीबाला देऊन टाकतो (अध्याय १६). राजा परत येतो तेव्हा मफीबोशेथ पायांची निगा न राखलेला, दाढी न कातरलेला, मळक्या वस्त्रांनिशी सामोरा येतो आणि आपली बाजू मांडतो : मी लंगडा, गाढवावर खोगीर घालून निघणार होतो, चाकराने दगा दिला. दावीद काय करतो? वाद नको म्हणून जमीन दोघांत वाटून टाकतो (अध्याय १९). वर्षानुवर्षे एका पंगतीस जेवलेल्या माणसाचे बोलणे खरे की चाकराचे, हे त्यास ठरविता आले नाही. पंगत होती, ओळख नव्हती. दाविदाने योनाथानाशी असलेले मैत्र निभावले, यात शंका नाही. पण मफीबोशेथ हा त्या मैत्राचा वारस होता, भागीदार नव्हता.

नौवेनांची गोष्ट अर्थातच इतकी कठोर नाही. दाविदाने मफीबोशेथाचे पाय कधी धुतले नाहीत. नौवेनांनी अ‍ॅडमचे सर्वांग धुतले. तरीही एक विषमता उरते. १९८७ च्या अखेरीस नौवेनांची एका सहकाऱ्याशी असलेली जिवलग मैत्री तुटली आणि ते इतके खचले की त्यांना काही महिने डेब्रेक सोडून उपचारासाठी दूर राहावे लागले. त्या काळातील टिपणे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. त्या मैत्रीत दोघेही मागणी करू शकत होते, नकार देऊ शकत होते. म्हणूनच ती मोडू शकली. अ‍ॅडमशी असलेली मैत्री मोडण्याचा संभवच नव्हता, कारण ती मोडण्याचे साधन अ‍ॅडमच्या हाती नव्हते. अ‍ॅरिस्टॉटलने श्रेष्ठ मैत्रीसाठी समानता आवश्यक मानली ती उगाच नव्हे. डच तत्त्वज्ञ हान्स राइंडर्स यांनी आपल्या २००८ च्या ग्रंथात यास ख्रिस्ती उत्तर दिले आहे : मनुष्याचे मनुष्यपण त्याच्या बुद्धीत वा इच्छाशक्तीत नसून देवाने त्याच्याशी केलेल्या मैत्रीत आहे, आणि ही मैत्री दोघांनाही बाहेरून, दान म्हणून मिळते. उत्तर भक्कम आहे. तरी देवापुढची समानता सकाळी सातच्या न्हाणीघरात कशी आचरावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

तो प्रश्न ज्यांनी दुसऱ्या बाजूने मांडला त्यांच्यापैकी एक व्यक्ती त्याच टोरांटोत होती, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो. जुडिथ स्नो (१९४९–२०१५) या जन्मापासून तीव्र शारीरिक अपंगत्व असलेल्या विदुषी. विद्यापीठाचे शिक्षण घेऊनही वृद्धांच्या व दीर्घ आजाऱ्यांच्या शुश्रूषागृहात राहण्याची पाळी त्यांच्यावर आली व तेथे त्यांची प्रकृती ढासळली. तेव्हा मार्शा फॉरेस्ट आदी मित्रमंडळी १९८० च्या सुमारास एकत्र आली आणि सरकारदरबारी झगडून त्यांनी जुडिथना स्वतःच्या घरी, स्वतः निवडलेल्या मदतनिसांसह राहण्याची सोय मिळवून दिली. या मित्रमंडळास त्यांनी यहोशवाचे नाव दिले होते. आपल्या वाचकास यरीहोचा तट आठवल्यावाचून राहणार नाही. पुढे ‘आधारवर्तुळ’ म्हणून जगभर पसरलेल्या पद्धतीचा हा एक उगम. एकाकी अपंग माणसाभोवती जी माणसे दिसतात ती बहुतेक पगारी असतात, आणि पगार थांबला की भेट थांबते. म्हणून कोणताही मोबदला न घेता त्याची बाजू घेणारा सामान्य नागरिक हवा, हा विचार वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी अमेरिकेत त्याआधीच मांडला होता. जुडिथ स्नो यांच्या मित्रांना शांती लाभली की नाही, आम्हांस ठाऊक नाही. त्यांना बैठका, अर्ज आणि रात्रीची जागरणे लाभली. परंतु काय हवे ते जुडिथ स्वतः सांगत आणि मित्र त्यावर वाद घालीत. अ‍ॅडमला हे शक्य नव्हते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ज्यास बोलता येत नाही त्याच्याविषयी लिहिताना लेखकाने अधिक विचारपूस करावयास हवी होती, कमी नव्हे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पुनर्वाचन टाळताच येत नाही तिच्याकडे येतो. लार्शचे संस्थापक झाँ व्हानिए (१९२८–२०१९) यांनी १९६४ साली फ्रान्समधील त्रोस्ली-ब्रय या खेड्यात दोन बौद्धिक अपंग पुरुषांसह घर थाटले, आणि त्या घराची शंभराहून अधिक घरे झाली. आपल्या देशात बंगलोर येथे १९७० मध्ये ‘आशा निकेतन’ सुरू झाले ते याच चळवळीतून. व्हानिए यांचा प्रबंध अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर होता. २०१५ मध्ये त्यांना टेम्पल्टन पारितोषिक मिळाले. नौवेन लार्शमध्ये आले ते त्यांच्याच ओढीने. फेब्रुवारी २०२० मध्ये लार्शनेच करविलेल्या चौकशीतून निष्पन्न झाले की, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून व्हानिए यांनी १९७० ते २००५ या काळात किमान सहा स्त्रियांचा लैंगिक गैरफायदा घेतला होता. जानेवारी २०२३ च्या विस्तृत अहवालात ही संख्या किमान २५ वर गेली. त्यांचे गुरू तोमा फिलीप यांना अशाच कृत्यांसाठी १९५६ मध्ये रोमने शिक्षा केली होती, आणि ते व्हानिए यांना ठाऊक होते. बौद्धिक अपंगत्व असलेली कोणीही व्यक्ती या अत्याचारांस बळी पडल्याचे चौकशीत आढळले नाही.

या पापाचा शिंतोडा नौवेनांवर उडविण्याचा आमचा हेतू नाही. तसा काही आधारही नाही. तसेच, संस्थापक भ्रष्ट निघाला म्हणून त्या घरांत पन्नास वर्षे जेवलेली, हसलेली, भांडलेली माणसे खोटी ठरत नाहीत. लार्शने स्वतः चौकशी करवून अहवाल जगापुढे ठेवला, हे तर आपल्या मंडळ्यांनी लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. पण साहित्याच्या दृष्टीने एक प्रश्न राहतो. दुर्बळता, कोमलता, विश्वास, जवळीक या शब्दांची जी भाषा लार्शमध्ये घडली, तिच्यात मर्यादेचा शब्द नव्हता. कोणी कोणास जाब विचारावा, हे तीत सांगितलेले नव्हते. नौवेनांचे पुस्तक त्याच भाषेत लिहिले आहे. ते वाचताना पूर्वी आम्हांस जेथे ऊब वाटे तेथे आता आम्ही थांबतो आणि विचारतो : ही जवळीक दुसऱ्यास हवी होती, हे कशावरून? हा प्रश्न अ‍ॅडमच्या घरी विचारणे कदाचित अन्यायाचे असेल. न विचारणे मात्र आता शक्य नाही.

आपल्या मंडळ्यांना या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. बेळगाव, बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या मराठी मंडळ्या लहान आहेत. प्रत्येक जण प्रत्येकास ओळखतो. त्या ओळखीचेच आम्हांस भय वाटते. मागच्या बाकावर दाराशी बसणारी आई आणि तिचा पंचविशीचा मुलगा, तो मोठ्याने ओरडला तर चटकन बाहेर जाता यावे म्हणून तेथे बसलेला, यास सर्व जण नावाने ओळखतात. नाताळात त्यास केक मिळतो. तरुण संघाच्या सहलीस त्यास कोणी बोलावीत नाही. आणि येथे एक गोष्ट केवळ आपल्यासारख्यांच्याच वाट्याची आहे. असा मुलगा बडोद्यास शाळेत गेला तर तेथे गुजराती वा हिंदी चालते. बेळगावात कानडी चालते. घरात तो मराठी ऐकतो. म्हणजे घराच्या चार भिंतींबाहेर त्याची भाषा बोलणारी माणसे त्यास जेथे खात्रीने भेटतात असे स्थान उपासनामंदिर हेच. आणि तेथे दीड तासात त्याच्याशी बोलले जाते ते ‘जय ख्रिस्त, कसा आहेस?’ इतकेच. उत्तरास थांबण्याइतका वेळ कोणास नसतो. आपला प्रभू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो, आणि त्याचे कारण असे देतो की, पित्याकडून जे ऐकले ते सर्व त्याने त्यांना कळविले (योहान १५). मित्र म्हणजे ज्यास गोष्टी सांगितल्या जातात तो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून अंध स्त्रियांना वाचावयास शिकविले, यामागे तीच दृष्टी असावी असे आम्हांस वाटते. त्यांना वाचून दाखविण्यावर भागविता आले असते.

‘अ‍ॅडम’ विद्यार्थ्यांच्या यादीतून काढावे काय, याचा आम्ही बराच विचार केला. काढले नाही. न्हाणीघराची ती पाने आणि आईवडिलांचे ते प्रकरण यांच्या तोडीचे लेखन आम्हांस या विषयावर दुसरे ठाऊक नाही. मात्र आता ते एकटे दिले जात नाही. त्याच्याबरोबर २ शमुवेलाचे अध्याय ९, १६ व १९ सलग वाचावयाचे असतात, आणि २०२० व २०२३ च्या अहवालांचा गोषवारा वर्गात सांगितला जातो. वृत्तांताची पद्धतही बदलली आहे. पहिल्या पानावर त्या व्यक्तीचे नाव, गाव, आवडी आणि विशेषेकरून नावडी लिहावयाच्या. आणि वृत्तांत आमच्याकडे येण्यापूर्वी ज्याच्याविषयी लिहिला त्यास तो वाचून दाखवावयाचा, बोलता येत नसल्यास त्यास चांगले ओळखणाऱ्याच्या उपस्थितीत.

गेल्या वर्षी अशा एका वृत्तांतावर समासात विद्यार्थ्याच्याच हस्ताक्षरात एक दुरुस्ती आली. सहा आठवडे रोज चार वाजता दोघांनी एकत्र चहा घेतल्याचे त्याने मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले होते. वाचन ऐकता ऐकता त्या गृहस्थांनी हात वर केला. त्यांना चहा आवडत नाही. त्याने पोटात जळजळते. इतके दिवस कोणी विचारले नव्हते म्हणून ते घेत होते.